सारफथची विधवा आणि कृष्णाकाठची वाकळ

शास्त्रपाठ : १ राजे १७:८–१६, लूक ४:२५–२६

दुसऱ्याच्या साहाय्यास निघणाऱ्या मनुष्याच्या मनात एक गर्व नकळत शिरतो. आपल्याजवळ आहे, त्याच्याजवळ नाही. आपण देणार, तो घेणार. असा हिशेब तो वाटेतच करून ठेवतो. आजच्या पाठातील संदेष्टा एलीया ह्याचा प्रवास मात्र ह्या हिशेबाच्या अगदी उलट आहे. म्हणून प्रचारक बंधूंनी हा पाठ मंडळीपुढे ठेवण्यापूर्वी स्वतःपुढे ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

अहाब राजाच्या काळी देशात अवर्षण पडले. करीथ ओहोळ आटल्यावर देवाने एलीयाला सीदोन प्रांतातील सारफथ गावी जाण्यास सांगितले. हे गाव समुद्रकाठी, हल्लीच्या लेबानोन देशात होते. छळ करणारी ईजबेल राणी ह्याच सीदोनच्या राजाची कन्या होती. म्हणजे देवाने आपल्या सेवकास परक्यांच्या, किंबहुना वैऱ्यांच्या मुलखात पाठविले. शिवाय त्याच्या खांद्यावर धान्याचे पोते देऊन पाठविले नाही, तर रिकाम्या पोटी पाठविले. वेशीपाशी त्यास एक विधवा काटक्या वेचताना भेटली. घरात मूठभर पीठ व थोडेसे तेल एवढेच उरले होते. तरी तिने त्यातून प्रथम पाहुण्यास भाकर करून दिली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. तिचे मडके पिठाने भरून वाहू लागले, असे शास्त्र सांगत नाही. ते सरले नाही, एवढेच सांगते. म्हणजे प्रत्येक सकाळी त्या बाईस मडक्यात हात घालावाच लागला, आणि प्रत्येक सकाळी आजच्यापुरतेच हाती आले. असा रोज पुन्हा हात घालण्याचा जो धीर, तोच ह्या पाठाचा गाभा होय. आम्ही हा पाठ अनेक वेळा शिकविला होता. परंतु त्याचा अर्थ आम्हांस एका पूरग्रस्त गावात कळला.

ऑगस्ट २०१९ मध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर कित्येक दिवस अखंड पाऊस पडला. कृष्णा, वारणा व पंचगंगा ह्या नद्या एकाच वेळी फुगल्या आणि कोयना धरणातूनही पाणी सोडावे लागले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तेथे पाणी ५७ फुटांवर गेले. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतून लाखो माणसांस घरे सोडावी लागली. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळीतील अकरा तरुणांस घेऊन आम्ही टेम्पोने नदीकाठच्या एका गावी गेलो. बरोबर पीठ, घोंगड्या आणि जुन्या कपड्यांची चौदा गाठोडी होती. गावाच्या वेशीवर पाहतो तो आमच्यापूर्वी आलेल्यांच्या कपड्यांचा ढीग चिखलात भिजत पडलेला. त्यात आमची गाठोडी उतरविताना आम्हांस लाज वाटली. कारण ती बांधताना, आम्ही स्वतः हे वापरले असते काय, असा विचार आम्ही केला नव्हता.

आम्हांस एका साठीच्या विधवा बाईच्या घरातील गाळ काढण्याचे काम मिळाले. घराची मागची भिंत पडली होती, म्हैस वाहून गेली होती, पोत्यातल्या जोंधळ्यास मोड आले होते. तिची शिवणाची मशीन कित्येक दिवस पाण्याखाली होती. ती मशीन खोलून, रॉकेलच्या चिंधीने एकेक भाग पुसत ती ओट्यावर बसली होती. आमच्यातील एकाने हळहळून म्हटले, "मावशी, ही आता चालायची नाही." ती म्हणाली, "मशीन गंजलं बाबा, हात गंजलं न्हाईत."

दुपारी तिने आम्हां सर्वांस गुळाचा कोरा चहा दिला. तिच्या घरचा गूळ संपेल म्हणून आमचे तरुण घेण्यास संकोचले, तेव्हा ती म्हणाली, "घरी आलासा, च्या न घेता जाऊ नगा. पुरानं घर नेलं, रीत न्हाई नेली." त्या वेळी आम्हांस सारफथच्या वेशीवरील ती भाकर आठवली. ही बाई आमच्या मंडळीतली नव्हती; सारफथची विधवाही इस्राएलाची नव्हती. नासरेथात प्रभूने हीच गोष्ट बोलून दाखविली, तेव्हा ऐकणारे संतापले. आमच्या कुंपणापलीकडेही देवाची कृपा काम करिते, हे ऐकणे आजही सोपे नाही.

सायंकाळी तिने वेशीवरील ढिगातून लुगडी निवडून आणली. "नेसायची न्हाईत, पर टाकायची बी न्हाईत," असे म्हणून ती धुऊन, एकावर एक अंथरून तिने हाताने वाकळ शिवावयास घेतली. पहिली वाकळ शेजारच्या बाळंतिणीसाठी होती. आमच्या एका तरुणाने छायाचित्र काढू का, असे विचारले. ती म्हणाली, "भिंत हुबी ऱ्हाऊ दे, मग काढा."

दिवाळीपूर्वी येऊन भिंत उभारून देऊ, असे वचन आम्ही दिले. ते आम्ही पाळले नाही. सण आले, नाताळचे कार्यक्रम आले, आणि आम्ही गेलो तो फेब्रुवारी २०२० मध्ये. भिंत उभी होती. शेजाऱ्यांच्या मदतीने तिने ती थंडीपूर्वीच उभारली होती. तिने आम्हांस बोल लावला नाही, इतकेच म्हणाली, "आता काढा की फोटू." त्या छायाचित्रात ती भिंतीपुढे ताठ उभी आहे. ते पाहताना आमची मान आजही खाली जाते.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेस पुन्हा मोठा पूर आला. ह्या वेळी आम्ही आधी निरोप पाठवून काय हवे ते विचारले. उत्तर आले : सुया, दोरा आणि मशीनचे तेल. पाणी चढण्यापूर्वीच तिने मशीन उंचावरील शाळेत नेऊन ठेविली होती. आम्ही मागितले तेच नेले, आणि दोन महिन्यांनी, इतर गाड्या येण्याच्या थांबल्यावर, पुन्हा गेलो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे घ्यावे. १८७० नंतरच्या दशकात, दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व थोरली बहीण गेली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रियांस त्यांनी आश्रय दिला. स्वतः उपास काढलेली स्त्री भुकेल्यांकडे वरून पाहत नाही. ती त्यांच्या शेजारी बसते. जो आज घेतो तो उद्या देणारा होऊ शकतो, हे सेवेस निघणाऱ्याने विसरू नये.

ह्या पाठाचे तात्पर्य तीन गोष्टींत सांगता येईल. पहिली, जाण्यापूर्वी विचारावे. आपल्या घरात नको झालेले म्हणजे दुसऱ्याच्या गरजेचे, असे नव्हे. दुसरी, समोरच्याने प्रेमाने दिलेले घ्यावे. एलीयाने भाकर नाकारली नाही. तिसरी, परत जावे. वचन देणे एका दिवसाचे काम, ते पाळणे मडक्यात रोज हात घालण्यासारखे आहे.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. देवाने एलीयास धान्य देऊन का पाठविले नाही?
२. आपल्या गावात परक्याच्या हातून आपणांस कधी भाकर मिळाली आहे काय?
३. संकटग्रस्तास दिलेले कोणते वचन आपल्या मंडळीने अद्याप पाळावयाचे आहे? ते कोण, केव्हा पाळील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसते तोंडी न घेता मंडळीच्या वहीत नाव व तारीख घालून लिहून ठेवावे. आम्हीही आमचे लिहून ठेविले आहे.