खावटी अठराव्या वर्षी संपते का?

मी सज्ञान झाले त्याच महिन्यापासून बाबांनी पैसे पाठवणं थांबवलं. तेव्हा मी बारावीत होते आणि पुढे नर्सिंगला जायचं ठरलं होतं. आईने फोन केला, तर उत्तर मिळालं, "कोर्टाचा हुकूम अठरापर्यंतचाच आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. आईने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली दाद मागितली होती आणि त्या कलमाखाली धडधाकट मुलांची खावटी अठराव्या वर्षी थांबायची. शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे स्वतःचं पोट भरता न येणाऱ्या मुलांना ती पुढेही मिळे. त्यातून विवाहित मुलगी तेवढी वगळलेली. 1 जुलै 2024 पासून हे कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 144 व्या क्रमांकावर गेलं आहे.

मामाने एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी आधी मूळ आदेशाची प्रत मागितली. खावटी कोणत्या कायद्याखाली मिळाली यावर ती कधी संपते हे ठरतं, हे तिथे कळलं. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 चं कलम 20 सांगतं की अविवाहित मुलीला स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करता येत नसेल, तर ती सज्ञान झाली तरी जबाबदारी संपत नाही. 2020 साली 'अभिलाषा विरुद्ध प्रकाश' या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मुलीचा हा हक्क मान्य केला. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे.

नवा अर्ज माझ्या नावाने झाला, सही माझी. ही जबाबदारी आई-वडील दोघांवर असल्याने आईचा पगारही कोर्टापुढे मांडावा लागला. 2020 च्याच 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. खावटी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. त्यामुळे नातेवाईक मध्यस्थी करतील म्हणून वाट पाहण्यात जितके महिने जातात, तितके महिने आपलेच बुडतात.

बुडालेल्या पैशाचं दुखणं आमच्या घरात आधीपासूनच होतं. मी लहान असताना काही हप्ते आलेच नव्हते. मूल अठराचं झालं म्हणून जुनी थकबाकी माफ होत नाही, पण कलम 125 खालच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. त्याहून जुन्या हप्त्यांवर आम्हाला पाणी सोडावं लागलं. म्हणून बँकेच्या पासबुकात दर महिन्याची नोंद तपासा आणि दोन-तीन हप्ते थकले की लगेच वसुलीचा अर्ज टाका.

माझ्या धाकट्या भावाची गोष्ट वेगळी. कलम 20 मुलाला अठरापर्यंतच आधार देतं. काही प्रकरणांत न्यायालयांनी मुलाच्या पदवीपर्यंतचा खर्च वडिलांना द्यायला लावला आहे, पण तो हमखास मिळेल असं धरून चालू नका. घटस्फोट संमतीने होत असेल, तर अटींमध्येच लिहून घ्या: खर्च कोणत्या शिक्षणापर्यंत, फी आणि वसतिगृहाचे पैसे कोण भरणार, दरवर्षी वाढ किती. 'मूल मोठं होईपर्यंत' अशा मोघम शब्दांवर पुढे वाद होतात.

आईने दुसरं लग्न केलं तर तिची स्वतःची पोटगी थांबते, मुलांची नाही. मुलांना भेटू देत नाहीत म्हणून पैसे अडवता येत नाहीत, आणि पैसे आले नाहीत म्हणून भेट नाकारता येत नाही.

देणाऱ्यांनाही सांगते. नोकरी गेली, उत्पन्न घटलं, तर परस्पर हप्ता बंद करू नका. रक्कम कमी करून मागायला कायद्यात वाट आहे. पूर्वी ते कलम 127 होतं, आता 146. अर्ज न करता थांबलात, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो. जाताना आदेशाची प्रत, पासबुक आणि कॉलेजच्या फीच्या पावत्या घेऊन जा.