पेशी मोजणारी माणसं हवीत

डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, की ‘डोळे आलेत’ म्हणत दुकानातून थेंब आणले जातात. बहुतेकदा निभावतं. पण क्वचित कुणाचं डोकंही ठणकतं, कानात गुणगुण सुरू होते, दोन्ही डोळ्यांची नजर धूसर होते आणि काही महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे पडतात, अंगावर कोडासारखे डाग उठतात. हा व्होग्ट-कोयानागी-हाराडा, डॉक्टरांच्या तोंडी ‘व्हीकेएच’. प्रतिकारशक्ती रंगपेशींवरच उलटते, म्हणून डोळा, कान, कातडी, केस असा सगळीकडे घाला पडतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो कमी, आशियात जास्त. युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, या मोठ्या कुटुंबातला हा एक आजार.

अशा आजारावरच्या संशोधनात करिअर होतं का? होतं. आणि ‘नीट’ची गाडी चुकली म्हणून ते दार बंद होत नाही.

अडचण आधी समजून घ्या. रुग्ण थोडे, म्हणून एका रुग्णालयाला एकट्याने उत्तर सापडत नाही. 2019 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला ‘फास्ट’ अभ्यास घ्या. भारतासह पाच देशांतली नऊ केंद्रं, 216 रुग्ण. त्यांत व्हीकेएचचेही होते. प्रश्न साधा : सुजेवर दिलं जाणारं स्टेरॉइड कमी करायला मेथोट्रेक्सेट द्यावं की मायकोफेनोलेट? पुष्कळ डॉक्टरांचा कल दुसऱ्याकडे होता. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटच्या गटात सुमारे 67 टक्के रुग्णांत उपचार यशस्वी ठरला, मायकोफेनोलेटच्या गटात 57. फरक इतका नव्हता की पहिलं सरस म्हणावं, पण जुनं, स्वस्त औषध मागे नाही हे कळलं. महिन्याच्या औषधाचा हिशेब करणाऱ्या घराला ही केवढी बातमी!

या निकालामागे कोण कोण असतं? नेत्रतज्ज्ञ तर हवेतच : एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, मग युव्हिआयटिसची फेलोशिप. रस्ता लांब आहे, हे पालकांनी आजच मान्य करावं. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था, मदुराईचं अरविंद, चंडीगडची पीजीआय ही या विषयातली नावाजलेली ठिकाणं.

पण रुग्ण वेळेवर येतोय का, आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट तो चुकून रोज तर घेत नाही ना (जिवावर बेतू शकतं), यकृताची तपासणी झाली का, हे बघतो तो संशोधन समन्वयक. बी.फार्म., नर्सिंग, बी.एस्सी., बीएएमएस झालेली मुलं इथे येतात. डोळ्यांच्या तपासण्या आणि ओसीटीच्या (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या) प्रतिमा यांसाठी ऑप्टोमेट्रीवाले. तो चार वर्षांचा अभ्यासक्रम. किती रुग्ण लागतील हे अभ्यास सुरू होण्याआधी ठरवतो तो संख्याशास्त्रज्ञ, आणि गणित आवडणाऱ्या मुलाला हे कुणी सांगतच नाही. संमतीपत्रक रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, त्यामुळे चांगलं मराठी लिहिणाऱ्यालाही इथे काम आहे. इंग्रजीवरून ओढूनताणून केलेली पत्रकं वाचली की हे फार पटतं.

गुणांपेक्षा मी स्वभाव बघेन. डोळे तपासायच्या स्लिट लॅम्पच्या झोतात, एक मिलिमीटर चौरस जागेत, डोळ्यात तरंगणाऱ्या पेशी मोजून सूज ठरवतात : 6 ते 15 दिसल्या तर ‘एक प्लस’, 16 ते 25 ‘दोन प्लस’. 2005 पासून जगभर हीच पट्टी. मदुराईतला ‘दोन प्लस’ आणि अमेरिकेतला ‘दोन प्लस’ एकच असला पाहिजे. ज्याला प्रयोगवहीत हवा तो आकडा बसवायची सवय आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

पालकांचा पुढचा प्रश्न पगाराचा. समन्वयकाची सुरुवात बेताचीच असते. मोठ्या कंपन्यांत चाचण्यांवर देखरेखीच्या कामाला गेल्यावर पगार वाढतो, पण फिरती मागे लागते. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी एवढंच विचारा : विद्यार्थ्याला प्रत्यक्ष चालू चाचणीत किती महिने बसवता, आणि कुठल्या रुग्णालयात? उत्तर मिळालं तर ते ताडूनही बघता येतं. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवाव्या लागतात. ती कुणालाही मोफत पाहता येते, आणि त्यात केंद्रांची व प्रमुख संशोधकांची नावं दिलेली असतात.