जुन्या संगणकाचे बीप कसे ऐकावेत

वाचनालयाच्या किंवा साहित्य मंडळाच्या कचेरीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा डेस्कटॉप अजून कोपऱ्यात असतो. जुन्या वार्षिकांच्या पेजमेकरमधल्या फायली बहुधा त्याच्याच हार्ड डिस्कवर असतात. एक दिवस बटण दाबल्यावर पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि आतून बीप ऐकू येतात. ‘मशीन गेले’ असे ठरून ते भंगारात निघते. फायलीही त्याच्याबरोबर जातात.

संगणक चालू होताच मदरबोर्डवरचा बायोस आधी मूळ भागांची तपासणी करतो. तिला ‘पोस्ट’ म्हणतात. त्या घटकेला पडद्यावर अक्षर उमटण्याची सोय झालेली नसते, म्हणून दोष आवाजाने कळवला जातो. हार्ड डिस्कवरची विंडोज वाचण्याची पाळी त्यानंतर येते. तेव्हा काळ्या पडद्यावरचे बीप ऐकून डिस्कवरचा मजकूर गेला असे मानण्याचे कारण नाही.

बीप आखूड आणि लांब असतात. छंद शिकवणाऱ्यांना हे सोपे जावे: दोन-तीनदा ऐकून लघु-गुरूच्या खुणांनी क्रम कागदावर उतरवावा. मग बायोस कोणत्या कंपनीचा आहे ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत किंवा चिपवरच्या चिठ्ठीवर पाहावे, कारण सर्वांची सांकेतिक भाषा एक नाही. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाचा दोष. जुन्या एएमआयमध्ये तीन आखूड म्हणजे रॅमच्या पहिल्या ६४ केबीत बिघाड, आठ आखूड म्हणजे डिस्प्लेच्या मेमरीत. फिनिक्सचे बीप गटागटाने येतात; तिथे मधले विरामही मोजावे लागतात. एकच आखूड बीप होऊन संगणक पुढे सुरू झाला, तर सर्व ठीक.

दोष रॅमचा असेल तर पुष्कळदा ती फक्त सैल झालेली किंवा गंजलेली असते. प्लग काढावा, बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावावा. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या पुसाव्यात, भुगा झटकावा आणि खटका बसेपर्यंत ती पुन्हा दाबावी. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नये. बंद असतानाही त्यात धोकादायक दाब शिल्लक असू शकतो.

एवढ्याने भागले नाही, तर हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. फायलींबरोबर ‘फॉन्ट्स’ हे फोल्डरही उतरवून घ्यावे. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि कोणी तरी तो ‘खराब फाइल’ म्हणून पुसून टाकतो. युनिकोडमध्ये रूपांतर करताना अंकाची छापील प्रत शेजारी ठेवावी. रफार आणि जोडाक्षरे कुठे बिघडली, ते तिच्यावरूनच ताडून पाहता येते.