ऐकून घेणारे यंत्र आणि ऐकून घेणारी मंडळी

शास्त्रपाठ : ईयोब २:११–१३, याकोब १:१९, गलतीकरांस ६:२

धड्याचा उद्देश : बोलणारी यंत्रे आपल्या घरात आली आहेत. ती मनाला काय देऊ शकतात, काय देऊ शकत नाहीत, आणि त्या बाबतीत मंडळीचे कर्तव्य काय, हे समजून घेणे.

प्रस्तावना

काही महिन्यांपूर्वी आमच्या संडेस्कूल-शिक्षकांच्या सभेत एका शिक्षिकाबाईंनी एक प्रश्न मांडला. त्यांच्या वर्गातील दहावीची एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे राहिली आणि म्हणाली, "बाई, रात्री झोप येत नाही तेव्हा मी फोनमधल्या त्या कॉम्प्युटरशी बोलते. काहीही लिहिले तरी तो रागावत नाही, लगेच उत्तर देतो. हे पाप आहे का?"

सभेतील बहुतेकांचे उत्तर तयार होते : फोन काढून घ्यावा. परंतु बाईंनी पुढची हकीकत सांगितली तेव्हा आम्ही गप्प झालो. त्या मुलीने आपले दुःख आधी आमच्यापैकीच दोघांना सांगून पाहिले होते. एकाने "प्रार्थना करीत जा" म्हणून तिला वाटेला लावले. दुसऱ्याने "आधी परीक्षेकडे लक्ष दे" असे सुनावले. यंत्राकडे ती त्यानंतर वळली.

यास्तव हा धडा केवळ मुलांसाठी नाही. तो प्रथम आपल्यासाठी आहे.

१. बोलणारे यंत्र कसे जन्माला आले?

ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम नावाचे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १९२३ साली बर्लिन शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. नाझी अमलामुळे १९३६ साली हे कुटुंब जर्मनी सोडून अमेरिकेस गेले. १९६६ साली वायझेनबाउम यांनी टाइप केलेल्या वाक्यांना उत्तर देणारा एक प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'एलायझा'. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील फुलवालीवरून हे नाव घेतले होते. याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले, हे वाचकांस ठाऊकच आहे.

एलायझाचे सर्वांत गाजलेले रूप मानसोपचारकाचे होते. त्या काळी कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांची पद्धत प्रसिद्ध होती. रॉजर्स तरुणपणी धार्मिक सेवेच्या विचाराने न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाले होते. दोन वर्षांनी ते मानसशास्त्राकडे वळले. त्यांच्या पद्धतीत उपचारक उपदेश करीत नाही, दोष देत नाही. समोरच्याचे म्हणणे ऐकून, ते आपल्याला कसे समजले हे त्याच्यापुढे ठेवतो. वायझेनबाउम यांनी या पद्धतीचे केवळ बाह्य रूप उचलले. कोणी "मला आईचा राग येतो" असे लिहिले, की यंत्र 'आई' हा शब्द हेरून "तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा" अशा अर्थाचे काही विचारी. ओळखीचा शब्द नसला, की "पुढे बोला" अशा धर्तीचे एखादे ठरीव वाक्य येई. यंत्राला आई म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, आणि रागही ठाऊक नव्हता.

तरी काय घडले? वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिले होते. हा निव्वळ प्रोग्रॅम आहे हे ती जाणून होती. असे असूनही यंत्राशी दोनचार वाक्ये बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. काही मानसोपचारतज्ज्ञ तर अशा यंत्राकडून पुढे रुग्णांवर उपचार करून घेता येतील असे म्हणू लागले. या यशाने वायझेनबाउम आनंदले नाहीत, हादरले. १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, काही कामे यंत्राला करता आली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत. कारण हिशेब करणे वेगळे आणि माणसाच्या दुःखाचा विचार करणे वेगळे.

आजची यंत्रे एलायझापेक्षा फार पुढे गेली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. अशा यंत्रांना प्रचंड मजकूर पुरवलेला असतो, आणि पुढचा शब्द कोणता यावा याचा अंदाज करीत ती वाक्य जुळवतात. कोणते उत्तर माणसांना अधिक पसंत पडते, हेही त्यांना शिकवलेले असते. येथेच एक धोका आहे. आवडते उत्तर खरे असतेच असे नाही. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला आपल्या यंत्रातील एक नवा बदल मागे घ्यावा लागला, कारण ते यंत्र बोलणाऱ्याची फार खुशामत करू लागले होते. मित्राने केलेली जखम शत्रूच्या चुंबनांपेक्षा बरी, या आशयाचे नीतिसूत्र (२७:६) येथे आठवावे.

२. मनाची घडण कशी आहे?

देवाने माणसाला एकटे राहण्यासाठी निर्माण केले नाही, हे आपण उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात वाचतो. शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतूनही असेच काही दिसते. त्यांपैकी तीन प्रयोग पाहू.

पहिला प्रयोग तान्ह्या बाळांचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० नंतरच्या दशकात आयांना आपल्या बाळांशी आधी नेहमीसारखे खेळण्यास सांगितले, आणि मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळ प्रथम हसून, हातवारे करून आईचे लक्ष वेधू पाही. आई बधत नाही असे दिसले की ते तोंड फिरवी. बोलण्याच्या कितीतरी आधी माणसाला प्रतिसाद हवा असतो.

दुसरा प्रयोग हाताचा. २००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य धक्का बसण्याची धास्ती दाखवून त्यांच्या मेंदूची प्रतिमा यंत्राने टिपली. पतीचा हात हातात असताना धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे व्यवहार मंदावले. परक्या माणसाच्या हाताने परिणाम झाला, पण कमी. ज्यांचा संसार अधिक समाधानाचा, त्यांना पतीच्या हाताचा आधार अधिक मिळाला.

तिसरा प्रयोग आपल्या धड्याला सर्वांत जवळचा आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर व सहकाऱ्यांनी मुलींना लोकांपुढे बोलण्याचे व गणिते सोडवण्याचे काम देऊन त्यांच्या मनावर ताण आणला. नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींशी फोनवर बोलली, काहींशी तिने केवळ लेखी संदेशांतून संवाद साधला. आईचा आवाज ज्यांनी ऐकला, मग तो समोरून असो वा फोनवरून, त्यांच्या शरीरातील ताणाचे द्रव्य कमी झाले आणि जिव्हाळ्याशी संबंधित द्रव्य वाढले. केवळ लेखी संदेश मिळालेल्या मुलींमध्ये असा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. आई तीच होती. कमी पडला तो तिचा आवाज.

३. यंत्राची दुसरी बाजू

आपण एकांगी होऊ नये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ७० तरुणांपैकी काहींना मानसिक स्वास्थ्यासाठी बनवलेल्या एका बोलक्या प्रोग्रॅमचा दोन आठवडे उपयोग करण्यास दिला, आणि इतरांना माहितीपर पुस्तक दिले. प्रोग्रॅमशी बोलणाऱ्यांची खिन्नतेची लक्षणे अधिक कमी झाली. दोन आठवडे हा काळ थोडा खरा. पण मनातले शब्दांत मांडल्याने ओझे हलके होते, हे आपणही अनुभवतो. लाजाळू माणसाला पहिला शब्द उच्चारण्यासाठी यंत्राची मदत झाली, तर त्यात आपण पाप शोधू नये.

परंतु ते यंत्र उपाशी राहत नाही, आजारी पडत नाही, मरत नाही. त्याला कोणाची काळजी वाटत नाही. आठ दिवस आपण दिसलो नाही तर ते दार ठोठावण्यास येणार नाही. शिवाय त्याला सांगितलेली गुपिते एखाद्या कंपनीच्या यंत्रणेत साठून राहू शकतात, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

४. देवाच्या वचनाचा प्रकाश

ईयोबाच्या तीन मित्रांची आपण नेहमी निंदा करतो. परंतु त्यांच्या कथेचा आरंभ पाहा. ते आपापल्या गावांहून निघून आले, मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलले नाही. त्या सात दिवसांत ते खरे मित्र होते. चुकले ते पुढे, जेव्हा दुःखाचे कारण समजावून देण्याची त्यांना घाई झाली. सोळाव्या अध्यायात ईयोब त्यांना त्रासदायक सांत्वनकर्ते ठरवतो, तो त्यांच्या भाषणांमुळे. त्यांच्या मौनामुळे नव्हे.

आमच्या त्या दोन शिक्षकांनी काय केले? सात दिवस तर सोडाच, सात मिनिटेही ते बसले नाहीत. त्यांचा उपदेश खोटा नव्हता. तो फार लवकर आला. ऐकण्यास तत्पर आणि बोलण्यास धीमे असावे, हा याकोबाचा क्रम आम्ही उलटा केला होता.

आता ख्रिस्ताकडे पाहा. शब्द देही झाला, असे योहान सांगतो. देवाने आपल्याला दुरून केवळ संदेश पाठवला नाही. प्रभूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, लाजाराच्या कबरेजवळ तो रडला. आपल्या दुर्बलतेविषयी त्याला सहानुभूती वाटते ती त्याने स्वतः परीक्षा सोसल्या म्हणून, हे इब्री लोकांस पत्रात आपण वाचतो (४:१५). यंत्र शब्द देते, पण त्याला देह नाही आणि जखमाही नाहीत. मंडळी मात्र ख्रिस्ताचे शरीर आहे. तिला हात आहेत, कान आहेत, पाय आहेत.

५. आपण काय करावे?

(अ) दुःखी माणसाला संदेश पाठवून थांबू नये. जाता येत असेल तर जावे. गाव दूर असेल तर फोन करून आपला आवाज ऐकवावा.

(आ) संडेस्कूलच्या वर्गानंतर एका शिक्षकाने थोडा वेळ मोकळे बसावे, आणि मुलांना ते ठाऊक असावे.

(इ) मुलाने यंत्राशी बोलतो असे सांगितले तर फोन हिसकावू नये. "तू त्याला काय सांगतोस?" असे प्रेमाने विचारावे, आणि मग गप्प बसावे.

(ई) ऐकलेले गुपित प्रार्थनासभेत विनंती म्हणून जाहीर करू नये. मात्र मुलाच्या जिवाला धोका दिसला तर ते आपल्यापाशी ठेवू नये. त्वरित पालकांशी व डॉक्टरांशी बोलावे. घरातूनच धोका असेल तर योग्य अधिकाऱ्यांकडे जावे. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे अविश्वास नव्हे.

समारोप

त्या मुलीला बाईंनी उत्तर दिले, "पाप नाही. पण मलाही ऐकायचे आहे." त्यानंतर दर रविवारी वर्ग सुटल्यावर त्या दोघी उपासनामंदिराच्या ओट्यावर बसलेल्या आम्हांस दिसू लागल्या. पहिले दोन रविवार मुलगी काहीच बोलली नाही, असे बाई म्हणाल्या. तिसऱ्या रविवारी बोलली. काय बोलली ते आम्हांस ठाऊक नाही, आणि ते विचारण्याचा आम्हांस अधिकारही नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीला यंत्राजवळ एकांत का हवासा वाटला असेल?

२. ईयोबाचे मित्र कोठवर योग्य वागले? कोठे चुकले?

३. गेल्या महिन्यात आपल्या मंडळीतील कोणाचे बोलणे आपण अर्ध्यावर तोडले?

४. या आठवड्यात आपण कोणाला भेटणार अथवा फोन करणार? नाव लिहून ठेवा.

प्रार्थना

हे प्रभू, आम्ही हाक मारण्यापूर्वीच तू आमच्याकडे कान लावतोस. आम्ही मात्र आमच्या लेकरांना उत्तरे दिली, वेळ दिला नाही. आम्हांला क्षमा कर. आमची जीभ आवर आणि आमचे कान उघड. रात्री जागणाऱ्या प्रत्येकाला तुझी सोबत दे, आणि सकाळी त्यांच्या दाराशी जाण्यास आमच्यापैकी कोणाला तरी पाठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.