मॉरिशस व मादागास्कर : दोन बेटे, दोन जीवनमान

एखाद्या दुकानाची योग्यता केवळ गल्ल्यावरून ठरत नाही. उधारी किती, माल कसा, नोकरांना पगार वेळेवर मिळतो की नाही आणि दुकानदाराची मुले शाळेत जातात की नाही, हेही पाहावे लागते. देशांचेही तसेच आहे. आपल्या भागातील काही तरुण आज आफ्रिकेत नोकरी किंवा तिजारत करण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी व इथेच राहून व्यवसाय करणाऱ्या बांधवांसाठी हिंदी महासागरातील दोन आफ्रिकी देशांची तुलना उपयुक्त ठरेल. दोन्ही देशांत कापडाचा व तयार कपड्यांचा धंदा चालतो, म्हणून आपल्याला त्यात विशेष रस वाटावा.

दोन्ही देशांची ओळख

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. त्यात मुसलमान सुमारे १७ टक्के आहेत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर कराराने गेलेल्या हिंदी मजुरांत रत्नागिरीकडील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे असून शाळांतून मराठी शिकविली जाते. पोर्ट लुई येथील जुम्मा मशीद १८५० च्या दशकातील असून ती गुजराती मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारली.

मादागास्कर त्याच्या पश्चिमेस सुमारे ८०० किलोमीटरवर आहे. आकार महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट, लोकसंख्या तीन कोटींहून अधिक. जमीन, जंगल, खनिजे, मासळी सर्व काही आहे. व्हॅनिला पिकविण्यात हा देश जगात पहिला आहे. तेथेही गुजराती वंशाचे व्यापारी असून त्यांना ‘करणा’ म्हणतात. त्यांच्यात बहुसंख्य मुसलमान आहेत.

आता आकडे पाहा

दरडोई वार्षिक उत्पन्न मॉरिशसमध्ये दहा हजार डॉलरहून अधिक, तर मादागास्करमध्ये पाचशे-सहाशे डॉलर. मॉरिशसच्या माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ७४ वर्षे, मादागास्करमध्ये त्याहून दहाएक वर्षे कमी. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले मॉरिशसमध्ये हजारी सुमारे १५, मादागास्करमध्ये साठहून अधिक. मॉरिशसमध्ये जवळपास प्रत्येक घरी वीज आहे. मादागास्करमध्ये तीन माणसांमागे साधारण एकालाच ती मिळते आणि पाच वर्षांखालील दर दहा मुलांपैकी सुमारे चार मुलांची वाढ कुपोषणाने खुंटलेली आहे.

फरक का पडला?

मॉरिशस आधीपासूनच सुखी होता असे कोणी समजू नये. १९६१ मध्ये जेम्स मीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने वाढती लोकसंख्या व एकट्या उसावरची भिस्त पाहून या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशेचा अहवाल दिला होता. पुढे याच मीड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा बेकारी होती, दंगलीही झाल्या. परंतु १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी सवलतींचा कायदा झाला. हाँगकाँगचे कारखानदार आले, स्थानिक साखर मालकांनीही पैसा गुंतविला आणि हजारो स्त्रिया विणकाम व शिवणकामाच्या कारखान्यांत कमावू लागल्या. साखरेला १९७५ पासून युरोपात ठरीव भाव मिळाला. १९७३ मध्ये मलेरिया हटला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सरकारी दवाखाने मोफत राहिले आणि सरकारे मतपेटीतूनच बदलली.

मादागास्कर १९६० साली स्वतंत्र झाला. १९७५ मध्ये बँका व विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि पुढे व्यापार मंदावला. १९९० च्या सुमारास तेथेही निर्यात कारखान्यांना सवलती मिळाल्या. मजुरी स्वस्त म्हणून मॉरिशसच्याच कंपन्यांनी तेथे कारखाने काढले. म्हणजे यंत्र तेच, धागा तोच. परंतु २००२ मध्ये निवडणुकीच्या वादात रस्ते रोखले गेले व कारखाने बंद पडले. २००९ मध्ये सत्ता उलथली. त्यामुळे २०१० पासून अमेरिकेने जकातमाफी काढून घेतली आणि शिवणकाम करणाऱ्या हजारो कामगारांची रोजी गेली. ही सवलत २०१४ मध्ये परत मिळाली. २०२५ मध्ये पाणी व विजेच्या टंचाईवरून तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९८७ मध्ये करणा व्यापाऱ्यांची दुकाने लुटली गेली होती. अलीकडे खंडणीसाठी अपहरणेही होतात. गल्ला भरलेला असूनही जिथे रात्री झोप लागत नाही, त्या कमाईला बरकत कशी म्हणावी?

मॉरिशसमध्ये सर्व काही आलबेल आहे असेही नाही. १९९९ मध्ये तेथे दंगल झाली. २००५ पासून कापड-कोट्याची जागतिक व्यवस्था संपताच चीनच्या मालापुढे अनेक कारखाने बंद पडले. प्रौढांमध्ये पाचांत सुमारे एकाला मधुमेह आहे. मात्र लोक शिकलेले असल्याने पर्यटन, बँकिंग व संगणकाच्या कामाकडे वळता आले.

आपण काय घ्यावे?

१. बाहेरदेशी जाणाऱ्याने केवळ पगाराचा आकडा विचारू नये. दवाखाना, शाळा, वीज, जीविताची सुरक्षितता आणि राहण्याचा कायदेशीर कागद यांचीही चौकशी करावी. करणा समाजातील कित्येक लोक पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहूनही कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत.

२. एकाच मालावर किंवा एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. मॉरिशस उसावरून कापडाकडे व कापडावरून इतर धंद्यांकडे वळला, म्हणून तरला.

३. स्वस्त मजुरी हे भांडवल नव्हे. ती जास्त काळ स्वस्त राहणे हे गरिबीचे लक्षण आहे. शिकलेला कारागीर हेच खरे भांडवल.

४. मुलींचे शिक्षण व त्यांची हलाल कमाई यांनी घर उभे राहते, हे मॉरिशसच्या शिलाई कारखान्यांनी दाखविले.

नेसरीसारख्या बाजारगावात आपण वर्षाचा हिशेब काढतो तेव्हा नफा-तोटा मांडतो. त्याच वहीत आणखी एक पान ठेवावे : यंदा घरातील किती मुले-मुली पुढच्या इयत्तेत गेली, कोणाची शाळा सुटली व का सुटली. ज्या उम्मतला पहिला हुकूमच ‘इक्रा’ म्हणजे वाचण्याचा झाला, तिच्या वहीत हे पान कोरे राहू नये. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि ती योग्य ठिकाणी खर्चण्याची तौफीकही देवो.