शिकणं वेगळं, दाखला वेगळा

मुलांना घरी शिकवणाऱ्या आम्हा पालकांना गिरगाव-दादरच्या नातेवाइकांकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘अहो, पण मार्क कोण देणार?’ काळजीपोटी विचारलेला हा प्रश्न रास्त आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही आज तो तितकाच छळतो, कारण मार्क देण्याची रीतच सारखी बदलते आहे.

२०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रगतिपुस्तकात गुणांबरोबर ‘अ-१’ ते ‘इ-२’ या श्रेणी आल्या, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. पुढे पाचवी आणि आठवीत नापास करण्याची तरतूद परतली. आता नव्या शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगतिपत्रक येत आहे. दहावीचंच बघा. २०१९ मध्ये भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले, राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. ते परत दिल्यावर २०२० मध्ये तो ९५.३० झाला. २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत मुलांची कुवत एवढी बदलत नसते. म्हणून टक्क्यांवरून मुलाची पारख करू नका, हे मी कळकळीने सांगते.

दादरची मालविका

मालविका राज जोशी दादर पारसी यूथ असेंब्ली शाळेत सातवीपर्यंत शिकली. त्यानंतर आईने तिला शाळेतून काढून घरीच शिकवलं. ती प्रोग्रामिंगमध्ये रमली, आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने तिला प्रवेश दिला. आयआयटीचा मार्ग मात्र बंद होता, कारण बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं.

ही गोष्ट सहसा पहिल्या अर्ध्यापर्यंतच सांगितली जाते. पालकांनी ती पुरती वाचावी. मूल काय शिकलं हा एक प्रश्न आणि पुढची संस्था कोणता कागद मागते हा दुसरा. ऑलिम्पियाडची पदकं फार थोड्यांना मिळतात. बाकीच्यांना दहावी-बारावीचा दाखला लागतोच.

दाखल्याचे मार्ग

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला फॉर्म नंबर १७ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या म्हणजे एनआयओएसच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षं. नोंदणी पाच वर्षं टिकते, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि एकेक विषय सवडीने सोडवता येतो. खेळात किंवा नृत्यात दिवस घालवणाऱ्या मुलांना हे सोयीचं पडतं.

विषय निवडताना पुढचा विचार आधी करा. आयआयटीला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होऊनही बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या मंडळात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागतं. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी टक्क्यांची अट शिथिल आहे. राज्यातल्या अभियांत्रिकीला सीईटीबरोबर बारावीचे ठरावीक विषय लागतात. चित्रकलेत गती असलेल्या मुलाने एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा द्याव्यात.

घरची नोंद

शिकण्याची नोंद मात्र आपणच ठेवायची. दर दोन-तीन महिन्यांनी मुलाच्या लेखनाचा एक नमुना, सोडवलेलं एक अवघड गणित, केलेला एक प्रयोग तारीख घालून फाइलला लावा. शेजारी दोन ओळी लिहा: काय मदतीशिवाय जमलं, कुठे अडलं. वर्षाअखेरीस मुलाला ती फाइल स्वतः चाळू द्या. आपण किती पुढे आलो हे त्याला स्वतःलाच दिसतं, आणि ते कोणत्याही श्रेणीपेक्षा स्पष्ट असतं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरीही हे करता येईल.

घरी शिकणाऱ्या मुलांना घड्याळ लावून लिहिण्याची सवय नसते. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून जुन्या कृतिपत्रिका पूर्ण वेळ बसून सोडवायला द्या. अभ्यास येत असूनही वेळेअभावी पेपर अपुरा राहिला, तर मुलाचा धीर खचतो.

सातवी-आठवीच्या वयात मुलासोबत बसून कोणतं मंडळ आणि कोणते विषय हे ठरवा, अर्जाच्या तारखा मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. दाखल्याची ही तजवीज वेळेत झाली, की शिकण्याकडे निर्धास्तपणे लक्ष देता येतं.