सायकल शर्यत, वऱ्हाडचे ऊन आणि शाळेचा संघ

पावसाळा सरत आला की अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शाळांत स्पर्धांची धावपळ सुरू होते. 14, 17 आणि 19 वर्षांखालील मुलामुलींचे संघ जिल्ह्यातून विभागावर आणि विभागातून राज्यावर जाण्याची स्वप्ने पाहू लागतात. खेळाची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 सालची, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. मात्र सायकलीचा संघ तयार करताना आज किती किलोमीटर मारले, एवढाच हिशेब बहुतेक ठिकाणी ठेवला जातो. मुलाच्या अंगातले पाणी किती गेले आणि किती परत आले, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. शर्यतीत मूल कोसळते ते बहुधा याच कारणाने.

याचे एक दुःखद उदाहरण क्रीडाशिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावे. 26 ऑगस्ट 1960 रोजी रोम ऑलिम्पिकमध्ये 100 किलोमीटरची सांघिक सायकल शर्यत होती. पारा सुमारे 40 अंशांवर होता. प्रत्येक संघात चार स्वार आणि त्यांतील किमान तिघांनी शर्यत पूर्ण करणे आवश्यक. डेन्मार्कच्या संघातील एक स्वार ऊन लागून आधीच बाहेर पडला. उरलेल्या तिघांपैकी 23 वर्षांच्या क्नुद एनेमार्क येन्सेनला चक्कर येऊ लागली. तो थांबला असता तर संघच बाद झाला असता. म्हणून साथीदारांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून पुढे नेले, अंगावर पाणी मारले. थोडे बरे वाटते असे पाहून हात सोडला आणि तो रस्त्यावर आपटला. त्याच दिवशी तो दगावला. त्याला औषधे दिली होती काय, याची चर्चा पुढे अनेक वर्षे चालली. परंतु उष्माघात आणि डोक्याचा मार ही दोन कारणे त्या मृत्यूत ठळक होती. रोमचे 40 अंश आपल्याला ओळखीचे आहेत. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्याही वर जातो. शालेय शर्यती मे महिन्यात नसतात हे खरे, पण ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड होण्याचा मार्गच खुंटतो. त्यामुळे पारा 35 असला तरी निश्चिंत राहू नये.

यावर उपाय स्वस्त आहे. शाळेत वजनकाटा असतोच. सरावाला निघण्यापूर्वी आणि परत आल्यावर घाम पुसून, हलक्या कपड्यांत प्रत्येकाचे वजन घ्यावे व वहीत लिहावे. एक किलो वजन घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. वाटेत प्यायलेले पाणी त्यात मिळवावे म्हणजे एकूण घाम किती गेला ते कळते. 45 किलोच्या मुलाचे वजन 900 ग्रॅमने घटले, तर ते दोन टक्के झाले. येथून पुढे पायांतली ताकद आणि डोक्यातला अंदाज दोन्ही घसरू लागतात. अशा मुलाने दुसऱ्या दिवशी वाटेत अधिक वेळा, थोडे थोडे प्यावे. उलट वजन वाढलेले दिसले तर तो नुसते पाणी ढोसतो आहे. तेही घातक, कारण रक्तातले मीठ पातळ होते. दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाचा घाम किती, हे प्रशिक्षकाला पाठ होते. कोणाचा तासाला अर्धा लिटर, तर कोणाचा दुप्पट. सर्वांना एकच बाटली आणि एकच नियम लावणे म्हणूनच चुकीचे.

तासाभराच्या आत संपणाऱ्या शर्यतीला साधे पाणी पुरते. त्याहून लांब सराव असेल तर लिंबू, साखर व मिठाचे सरबत द्यावे. जुलाब होत असलेल्या मुलाला त्या दिवशी सायकलीवर बसवूच नये. महागड्या रंगीत पेयांची गरज नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत; कांदा खुशाल ठेवावा, पण बाटली विसरू नये.

खाण्याबाबत थोडक्यात. आदल्या रात्री वरण-भात, पोळी किंवा भाकर असे नेहमीचेच जेवण घ्यावे. स्पर्धेच्या गावी गेल्यावर झणझणीत रस्सा, कचोरी, उघड्यावरची चटणी टाळावी. शर्यतीआधी दोन-तीन तास पोहे किंवा केळी पुरेत. रिकाम्या पोटी ‘अंग हलके राहते’ म्हणून मुलांना पळवणारे शिक्षक अजूनही आहेत, ते थांबले पाहिजे. मुलींच्या संघाची हिमोग्लोबिन तपासणी हंगामाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दम लागतो तो आळसाने नव्हे.

गुडघेदुखीची तक्रार बहुधा सीटमुळे असते. मोठ्या भावाची किंवा वडिलांची सायकल मिळालेली असते आणि सीट बसलेली असते तिथेच राहते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी; पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढच्या तळव्याने पायडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. फार खालच्या सीटमुळे गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. गिअरची सायकल असेल तर जड गिअर लावून हळूहळू रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला 80 ते 90 फेरे मारायला शिकवावे. याच कारणाने आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ज्युनिअर स्वारांच्या गिअरवर 2022 अखेरपर्यंत मर्यादा घातली होती.

सराव कोठे करावा, हाही आरोग्याचाच प्रश्न. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत होऊन गिनीज विक्रम झाला. रस्ता गुळगुळीत झाला खरा, पण तो ट्रकचा रस्ता आहे. मुलांना तेथे नेऊ नये. सकाळी सातच्या आत, गावाबाहेरच्या शांत फाट्यावर, हेल्मेट घालून जावे आणि मागे शिक्षकांची मोटारसायकल असावी. शर्यतीच्या आधीचे दोन-तीन दिवस सराव हलका ठेवावा. शेवटच्या दिवशी ‘एकदा पूर्ण अंतर मारून पाहू’ म्हणणे म्हणजे साठवलेली शक्ती उधळणे होय.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने 12 दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. पालक हे उदाहरण मुलांना हौसेने देतात. अशा शर्यतीत स्वारामागे गाडी असते आणि त्यातली माणसे त्याच्या खाण्यापिण्यावर, झोपेवर लक्ष ठेवतात, हे मात्र सांगायचे राहून जाते. शाळेच्या संघामागे तेवढे एकटे क्रीडाशिक्षक असतात.

म्हणून मुलाला थांबवण्याचा अधिकार त्यांच्याकडेच असावा, आणि मुख्याध्यापकांनी व पालकांनी तो शर्यतीपूर्वीच मान्य करावा. मूल विसंगत बोलू लागले, सायकल सरळ रेषेत चालेना, उलटी झाली किंवा ते चिडचिड करू लागले, तर घाम येत असला तरी उष्माघात समजावा. ‘फक्त दोन किलोमीटर राहिले, सर’ हे त्याचे म्हणणे ऐकू नये. सावलीत निजवून कपडे सैल करावेत, डोक्यापासून पायापर्यंत गार पाणी ओतत राहावे, काख, मान व जांघेत ओली फडकी ठेवावी, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगाची नाही. 108 ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. रुग्णालय जवळ असले तरी आधी अंग थंड करावे, मग हलवावे.